बाजूला घेतलेली सायकल

११ नोव्हेंबर, मंगळवार

काल सकाळी मी मार्टमधून पळून आलो. पळालो म्हणजे धावलो नाही. चालतच बाहेर पडलो, सायकल हातात होती, गेटवरच्या बाबूभाऊंना मानसुद्धा हलवली. पण ते पळणंच होतं.

सोमवारचा उपवास. भगर संपली आहे, असं सौ. ने निघताना सांगितलं होतं. अंबडहून पावणेआठची बस. जालन्याच्या स्टँडवर सायकलची घडी उघडली, एमआयडीसीच्या वाटेवरच्या नव्या मार्टला नऊच्या सुमारास पोचलो. दार नुकतंच उघडलं होतं. नेहमीप्रमाणे बाहेर चाकं फडक्यानं पुसली, घडी घातली, आत नेली. डाळींच्या पेट्यांजवळ रॅकला टेकवली आणि भगर बघायला पलीकडच्या रांगेत गेलो.

धप्प झालं. मग "आई गं". आवाज मोठा नव्हता. मोठा असता तर एवढी भीती वाटली नसती.

येऊन बघतो तर एक म्हातारी फरशीवर कुशीवर पडलेली. सत्तरीच्या पुढची असेल. टोपली लांब गेलेली, साबुदाणा सांडलेला, माझी सायकल तिच्या पायाशी आडवी. लोक जमले. फरशी पुसणाऱ्या लताबाई बादली घेऊन तिथंच होत्या, सगळे त्यांच्यावर तुटून पडले. ओलं ठेवलं, बोर्ड लावला नाही. मी सायकल उभी केली. मॅनेजर म्हणाला, "काका, सायकल बाजूला घ्या, रस्ता द्या."

घेतली बाजूला. दारापर्यंत घेतली. दाराबाहेर घेतली. मग उघडली, आणि आमच्या बियाणे कंपनीच्या गेटापर्यंत थांबलो नाही.

गेटवर पुन्हा घडी घालताना दिसलं. उजव्या पायडलच्या दात्यात लुगड्याच्या काठाचा हिरवा दोरा अडकलेला. वीतभर.

म्हणजे फरशी नव्हती ती.


१२ नोव्हेंबर, बुधवार

आज हरभऱ्याचे दाणे गुंडाळून ठेवलेले उगवणीचे कागद उघडले. शंभर दाण्यांत सरळ कोंब किती, वाकडे किती, मेलेले किती, हे मोजण्यात एकवीस वर्षं गेली. आज एकाच कागदाचे तीन वेळा तीन आकडे आले. साहेब म्हणाले, बीपी दाखवून या.

कंपनीच्या गेटात पांढरी गाडी शिरली की पोलिसांचीच वाटते, खिडकीपाशी जाऊन बघतो. दोनदा शिरली. एक कुरिअरची, एक कोणाची कोण जाणे.

मार्टच्या दारावर लिहिलेलंच आहे, आपण कॅमेऱ्याच्या नजरेत आहात म्हणून. घडीची सायकल काखोटीला मारून दुकानात शिरणारा माणूस अख्ख्या जालन्यात मी एकटाच असेन. तोंड नाही दिसलं तरी सायकल दिसेल. ती दिसली की


१४ नोव्हेंबर, शुक्रवार

तीन दिवस सायकल घरी. सौ. ला पंक्चर सांगितलं. पहिलं खोटं. बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "मामा, आज लगेज न्हाई का? मला करमत न्हाई ना मंग." स्टँडपासून कंपनीपर्यंत ऑटो.

ही सायकल दुकानात न्यायची सवय मला का लागली ते आठवत बसलो. आधीची साधी सायकल मंडईबाहेरून गेली. मेथीच्या दोन जुड्या घ्यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात. कुलूप तिथंच पडलेलं, सायकल नाही. अशूला तेव्हा पुण्यात नवीन नोकरी लागली होती. तिनं ही पाठवली. फोनवर म्हणाली, "बाबा, आता बाहेर ठेवायचीच न्हाई. जिथं तुम्ही, तिथं ती." पोरीचा शब्द मी पाळला. दोन वर्षं कुठंच बाहेर ठेवली नाही. मेडिकल, बँक, झेरॉक्स, सगळीकडं आत.

जुन्या जालन्यातल्या धान्याच्या ठोक दुकानात शेठ दर वेळी विचारतात, हिच्यासाठी पण चहा सांगू का. कापड दुकानात एकदा बायका हसल्या, मामा बाळाला घेऊन आले म्हणून. बँकेचा वॉचमन पहिल्यांदा आडवा आला, मग त्यानंच उघडून-मिटून बघितली आणि त्याच्या साडूला फोन लावला. मला या सगळ्याचा थोडा गर्व होता. आता लिहायला हरकत नाही. मी म्हणायचो, माझा कोणाला त्रास नाही. चाकं पुसून आत जातो. लोकांची फरशी खराब होऊ नये, एवढीच माझी अक्कल. पायडल काय करू शकतं हे डोक्यातच आलं नाही.

हे पण खरं नाही. एकदा आलं होतं. रविवारी लिहीन.


१६ नोव्हेंबर, रविवार

या सायकलचं पायडल आत दाबून वर मोडलं की चपटं होतं. डावं होतं. उजवं दसऱ्यापासून होत नाही.

दसऱ्याला सायकलची पूजा केली. हळद-कुंकू, झेंडूचा हार. सौ. ने एक लाल नाडा हँडलला बांधला आणि एक उजव्या पायडलच्या बिजागरीवर. म्हणाली, पाय पडतो तिथं राखण पाहिजे. गाठ घट्ट मारली. संध्याकाळी घडी घालायला गेलो तर पायडल मोडेना. नाडा कापावा लागला असता.

देवाच्या नावानं बांधलेलं आपल्या हातानं कापायचं नाही, आपोआप गळू द्यायचं, हे आईनं आम्हाला लहानपणी सांगितलेलं. हातातला नाडासुद्धा काळा पडून तुटेपर्यंत ठेवतो मी. म्हणून राहू दिलं. महिनाभर उजवं पायडल बाहेर. एकदा मेडिकलमध्ये माझ्याच पोटरीला लागलं, खरचटलं. तेव्हा मनात आलं, कोणाला तरी लागेल. आणि लगेच दुसरं आलं, राखण आहे, लागणार नाही.

हे कोणाला सांगणार? देवानं बांधायला सांगितलं नव्हतं. कापू नको असंही त्यानं सांगितलं नव्हतं. ते सगळं मीच त्याच्या नावावर ठेवलं.

आज सकाळी पाठ पूर्ण झाला नाही. चौथ्या ओळीला अडकलो, पुन्हा सुरू केला, पुन्हा तिथंच.


१७ नोव्हेंबर, सोमवार

सायकल न घेता मार्टला गेलो. काय झालं ते कळल्याशिवाय जीव थाऱ्यावर येणार नव्हता. गेटवर बाबूभाऊ.

"मामा, बाळ कुठं? घरी झोपवून आले का?"

हसलो. मग ओळखपाळखीचं बोलून विषय काढला, ती म्हातारी कशी आहे. त्यांनी सगळं सांगितलं. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, बॉल बसवला. गयाबाई नाव, जुन्या जालन्यात राहतात, रोज सकाळी चालत यायच्या. मोठा मुलगा येऊन खूप बोलला, ज्याच्यामुळं पडली त्याला सोडत नाही म्हणाला, पोलिसात जातो म्हणाला. मालकांनी दुसऱ्याच दिवशी लताबाईंना कामावरून बंद केलं.

लताबाई काय म्हणाल्या, विचारलं.

"ती म्हणती कोरडं झाल्तं, हात लावून पाहिल्तं. पण कोण ऐकतंय. रडत रडत गेली."

आणि कॅमेरा? हे विचारताना माझा आवाज मलाच वेगळा लागला.

"कॅमेऱ्यात काय दिसतंय, मामा. दिवाळीच्या पताका अजून काढल्या न्हाई. त्या रांगेतला कॅमेरा बराबर पताकांच्या मागं. नुसतं शुभ दीपावली दिसतं."

सुटलो, असं वाटलं. पूर्ण अंगभर वाटलं, गार पाणी पिल्यावर वाटतं तसं. रस्ता ओलांडून पलीकडं गेलो तेव्हा त्या वाटण्याची जी भीती बसली ती अजून आहे. एक बाई रडत घरी गेली हे ऐकल्यावर दोन मिनिटांत मला बरं वाटलं. हा माणूस कोण?


१९ नोव्हेंबर, बुधवार

हॉस्पिटल बाबूभाऊंकडून कळलं होतं. अर्धी रजा टाकली. आज सायकल नेली. का नेली माहीत नाही, सायकलशिवाय जाणं लपवल्यासारखं वाटलं असावं. तिथल्या गार्डनं आत घेऊ दिली नाही, म्हणाला हे हॉस्पिटल आहे काका, गॅरेज न्हाई. गेटाच्या गजाला साखळीनं बांधली. दोन वर्षांत पहिल्यांदा बाहेर. जिना चढताना मनात आलं, कोणी नेली तर बरं.

दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळची खाट. गयाबाई लहान दिसत होत्या, पडल्या होत्या तेव्हापेक्षाही. धाकटा मुलगा स्टुलावर. कापड दुकानात कामाला आहे. तुम्ही कोण विचारलं. म्हटलं, त्या दिवशी मार्टमध्ये होतो, बघायला आलो. यातला एकेक शब्द खरा.

तो उठला, मला स्टूल दिलं. म्हणाला एवढी माणसं होती त्या दिवशी, आलेले तुम्ही एकटेच. खाली जाऊन चहा घेऊन आला. मी नको म्हणालो, दोनदा म्हणालो, मग घेतला.

गयाबाई छताकडं बघत बोलत होत्या. बाबा, मला कळलंच न्हाई काय झालं ते. कोणी खालून पाय धरल्यावाणी झालं. मग मान वळवून माझ्याकडं बघून म्हणाल्या, "हे म्हणतंय पाणी होतं. पाण्यावर माणूस सटकतं. धरल्यावाणी होतं का?"

मुलगा म्हणाला, "आई, गप पड जरा. डॉक्टरनी बोलू नको सांगितलं ना."

मी चहाचा कप हातात घेऊन बसलो होतो. आता, असं वाटलं. आता सांग. कप रिकामा झाला. येतो म्हणालो. निघताना त्यांनी विचारलं, चालता येईल ना रे बाबा मला पहिल्यावाणी? येईल की, म्हणालो. मला काय माहीत.

सायकल तिथंच होती.


२१ नोव्हेंबर, शुक्रवार

हे लिहायचं नव्हतं. लिहितो.

सकाळच्या बसमध्ये अर्ध्या वाटेवर लताबाई चढल्या. त्या तिथल्याच गावच्या आहेत हे मला माहीत नव्हतं. एमआयडीसीत कुठं साफसफाईचं काम मिळतं का बघायला निघाल्या होत्या. मला ओळखलं. शेजारची जागा मोकळी होती, तिथं बसल्या. मग सरळ विचारलं.

"मामा, तुम्ही तिथंच होते ना? तुम्हीच सांगा, ओली होती का फरशी?"

मी म्हणालो, "मी पलीकडच्या रांगेत होतो, बाई. नीट पाहिलं न्हाई."

त्यांनी मान हलवली. राग नाही, काही नाही. म्हणाल्या, तुम्ही चांगले माणसं, तुम्ही पाहिलं असतं तर सांगितलंच असतं. मग खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. माझ्या मांडीवर घडी घातलेली सायकल होती. पायडल त्यांच्या बाजूला.

स्टँडवर उतरून मुतारीच्या मागं जाऊन ओकलो.


२२ नोव्हेंबर, शनिवार

सौ. ला सांगितलं. ती मटार सोलत होती. सुरुवातीपासून सांगितलं, दोऱ्यापर्यंत, लताबाईंपर्यंत. सोलणं थांबलं नाही. सगळं झाल्यावर म्हणाली, पंक्चर न्हाईच मंग.

नाही.

मग म्हणाली, "देवानंच झाकलं ना ते? पताका आडव्या आल्या, कोणी पाहिलं न्हाई. त्यानं झाकलेलं तुम्ही कशाला उघडता?"

तिचं चुकीचं आहे असं मला लगेच म्हणता आलं नाही, कारण मी पण दहा दिवस आतून तेच म्हणत होतो. पण देव मार्टमध्ये पताका लावायला येत असेल का? आणि आलाच असेल तर लताबाईंसाठी काय आडवं लावलं त्यानं?

पोलिसांची भीती सांगितली तिला. आमच्या घरात कोणी ठाण्याची पायरी चढलं नाही. अंबडच्या कोर्टासमोरून बस जाते तेव्हा बाहेर झाडाखाली बसलेली माणसं दिसतात, डबे घेऊन आलेली, हातात फायली. वर्षानुवर्षं तीच. मी त्यांच्यातला एक होईन. पन्नाशीला आलेलो. कंपनीत काय म्हणतील. गावात सप्ताहाला मला पुढं बसवतात, तिथं काय

ती म्हणाली, नाडा मी बांधला. मंग माझं पण नाव सांगा.

तसं नाही, म्हणालो. महिनाभर उघडं पायडल घेऊन फिरलो मी. त्या नाड्यानं कोणाला पाडलं नाही.

मटार संपले तरी ती तशीच बसून होती.


२३ नोव्हेंबर, रविवार

पहाटे देवीच्या टेकडीवर गेलो. काही मागितलं नाही. मागायचं म्हटलं की तोंडात एकच येतं, वाचव. ते मागायची लाज वाटली. नुसता उभा राहिलो. पुजारी म्हणाले, आज नारळ न्हाई का? नाही म्हणालो.

अशूचा फोन आला. आवाज असा का, म्हणाली. सर्दी.


२४ नोव्हेंबर, सोमवार

मार्टच्या दारापर्यंत गेलो. फडकं काढलं, चाकं पुसली. दोन्ही पुसली, परत पुसली. आत मॅनेजर कोणाशी तरी हसत बोलत होता. वीसेक मिनिटं उभा होतो. बाबूभाऊ म्हणाले, मामा, आता काय टायरला पॉलिश करून राह्यले का?

कंपनीत गेलो. आपण भित्रे आहोत हे पन्नास वर्षं कोणी कळू दिलं नाही, कारण कधी प्रसंगच आला नव्हता. शांत माणूस, शांत माणूस म्हणायचे.

उद्याच्या रजेचा अर्ज टाकला आहे. कारणाच्या जागी घरगुती लिहिलं. तेवढं तरी खरं लिहायला पाहिजे होतं.


२५ नोव्हेंबर, मंगळवार. दुपारी पावणेबारा, हॉस्पिटल

दुसऱ्या मजल्यावर बाकावर बसून लिहितो आहे.

सकाळी आधी मार्ट. सायकल होती तशीच, उजवं पायडल बाहेर, आत नेली. मॅनेजरच्या टेबलापुढं उभी केली आणि सांगितलं. गयाबाई या पायडलला अडकून पडल्या. फरशी कोरडी होती. लताबाईंचा काही दोष नाही. पळून मी गेलो.

त्याला वाटलं मी भांडायला आलो आहे. मग समजलं तेव्हा त्यानं उठून दार लोटलं. म्हणाला, काका, मिटलं ते आता, तुम्ही कशाला अंगावर घेता. म्हणालो, लताबाईंना परत घ्या. म्हणाला, त्या जागेवर दुसरी बाई आली, आणि सायकल आत कशी सोडली असं मालक विचारतील, ते कोणावर जाईल? मी कागदावर लिहून सही करून आणलं होतं. त्यानं हात लावला नाही. टेबलावर ठेवून आलो.

बाबूभाऊंनी दारात गाठलं. सगळं ऐकलं होतं. "मामा, माझं नाव घेतलं का?" घेतलं नाही, म्हणालो. त्यांचा चेहरा उतरलेला होता. हे मी धरलंच नव्हतं. एका माणसाला सोडवायला गेलो आणि दुसऱ्याला गुंतवून आलो की काय.

मग इथं आलो. जिना चढताना तीन वेळा थांबलो. धाकटा मुलगा बाहेरच होता, औषधाची चिठ्ठी घेऊन. मला बघून हसला, या म्हणाला, आई आज बसली होती दहा मिनिटं.

तिथंच उभ्या उभ्या सांगितलं. आधी वाक्यं जुळवून ठेवली होती, त्यातलं एक पण आलं नाही. पायडल माझं होतं, एवढं पहिल्यांदा म्हणालो, बाकीचं मागून आलं. लताबाईंचं सांगितलं. बसमध्ये मी काय बोललो ते पण सांगितलं. काहीच राहिलं नाही.

तो बराच वेळ माझ्या पायांकडं बघत होता. तो मारेल असं मी धरून चाललो होतो. त्यानं हात उचलला नाही. आवाज पण चढवला नाही.

"मंग त्या दिवशी चहा कसा पिले तुम्ही?"



त्यानं मोठ्या भावाला फोन लावला, लांब जाऊन बोलला. परत येऊन म्हणाला, भाऊ येऊन राह्यला, काय करायचं ते तो ठरवील, ठाण्यात जायचं तर तिथून जाऊ, तोवर इथं बसा. बसतो म्हणालो. मग तो आत गेला आणि दार लावून घेतलं. आईला सांगतो आहे का अजून नाही, कळत नाही. आतून आवाज येत नाही.

सांगितल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. जिन्यात पावलं वाजली की तिकडं बघतो. आत्ता एक नर्स गेली. त्याआधी डबेवाला.

परत पावलं. दोन माणसं असावीत. वही मिटतो. बसून आहे.